धाकाचे भांडवल

खिशातल्या दूरध्वनीत कॅमेरा येऊन बसण्याच्या कितीतरी आधी, १९९२ साली अजमेरमध्ये आणि १९९४ साली आपल्या जळगावात, अशी दोन प्रकरणे उघडकीस आली की ज्यांनी काही काळ वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने व्यापून टाकले. दोन्ही ठिकाणी शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलींना जाळ्यात ओढण्यात आले होते, नको त्या अवस्थेतील त्यांची छायाचित्रे घेण्यात आली होती, आणि ती चव्हाट्यावर मांडण्याचा धाक घालून त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून घेतले जात होते. अजमेरला तर छायाचित्रे छापून देणाऱ्या प्रयोगशाळेतूनच त्यांच्या प्रती बाहेर फुटल्या, आणि मूळ गुन्ह्याशी ज्यांचा संबंध नव्हता अशी माणसेही त्या मुलींना धमकावू लागली. साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा बहुतेक घरांनी दारे लावून घेतली. त्या प्रकरणातील आणखी सहा आरोपींना जन्मठेप सुनावली गेली ती २०२४ च्या ऑगस्टात, म्हणजे गुन्हा उघड झाल्यावर बत्तीस वर्षांनी.

ही जुनी दफ्तरे मुद्दाम उघडावीशी वाटतात, याचे कारण असे की मुलामुलींच्या हातून आज जी खासगी छायाचित्रे पाठवली जातात आणि त्यांतून जे अनर्थ ओढवतात त्यांची चर्चा निघाली की चांगल्या जाणत्या माणसांच्या तोंडूनही ‘मोबाइलने पोरे बिघडवली’ एवढाच निष्कर्ष ऐकू येतो, आणि तो ऐकून सर्वांचे समाधानही होते. त्या टोळ्यांपाशी मोबाइल नव्हता. त्यांच्यापाशी साधा कॅमेरा होता, रीळ धुऊन देणारे कोणी होते, आणि या दोहोंपेक्षा मोलाची अशी एक खात्री होती: ही मुलगी घरी जाऊन आईला काही सांगणार नाही. कॅमेरा आणि रीळ बाजारात कोणालाही मिळत होते. ही खात्री मात्र त्यांना तुम्हीआम्ही पुरवली होती. खंडणीच्या या धंद्याचे खरे भांडवल तेच होते आणि आजही तेच आहे. ते भांडवल आपल्या घरांतून आणि शाळांतून काढून घेतल्यावाचून मुलांच्या हातचे फोन कितीही हिसकावून घेतले तरी हा धंदा बुडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तेच येथे थोडे विस्ताराने मांडावयाचे आहे.

फोनमुळे काहीच बदलले नाही असे मात्र नव्हे. २००४ साली दिल्लीतील एका शाळकरी मुलाने आपल्याच बरोबरीच्या मुलीशी झालेल्या जवळिकीचे दोन-अडीच मिनिटांचे चित्रण फोनवर केले. ते मित्रांकडे गेले, मित्रांकडून त्यांच्या मित्रांकडे गेले, आणि नोव्हेंबर सरता सरता बाझी डॉट कॉम या त्या वेळच्या प्रसिद्ध ऑनलाइन बाजारपेठेत १२५ रुपयांना विक्रीस लागले. विक्रीस लावणारा खरगपूरच्या आयआयटीत शिकणारा एक विद्यार्थी होता. बाजारपेठेचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, आणि संकेतस्थळ चालवणाऱ्या मध्यस्थावर किती दायित्व टाकावे यावर वकिलांनी, उद्योजकांनी आणि २००८ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती करणाऱ्या संसदेने बराच खल केला. तो आवश्यकच होता. पण ज्या मुलीच्या आयुष्यातील अत्यंत खासगी क्षण देशभर फिरला तिला पुढे कसे जगू द्यावयाचे, याचा खल त्या मानाने नगण्य झाला.

त्या प्रकरणाने एक गोष्ट कायमची बदलल्याचे दाखवून दिले. पूर्वी दुष्ट माणूस कॅमेरा घेऊन बाहेरून येत असे. आता चित्र काढणारा, चित्रात असणारा आणि ते पसरवणारा हे तिघेही एकाच बाकावर बसणारे असू शकतात, आणि पुष्कळदा तर जिचे चित्र आहे तिनेच ते स्वतःच्या हाताने काढलेले असते. आरंभीच्या कृतीत गुन्ह्याचा हेतू असेलच असे नाही. तेथे बहुधा प्रेम असते, निदान प्रेमाचा समज असतो.

या समजाकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी आपले सोळावे वर्ष आठवून पाहावे. स्वतःच्या बदलत्या देहाविषयीचे कुतूहल, आपण कोणाला तरी आवडतो की नाही ही तळमळ, आणि आवडतो असे कळल्यावर त्या माणसासाठी काहीही करावेसे वाटणे, यांत विकृत असे काही नाही; पूर्वीच्या पिढ्यांनी याच तळमळीपोटी वहीची पाने फाडून चिठ्ठ्या लिहिल्या. २०२० च्या मार्चनंतर शाळा बंद पडल्या आणि ज्या घरांत मुलांच्या हाती फोन देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता त्या घरांनीही पदरमोड करून, प्रसंगी उसनवारी करून तो दिला. तेव्हापासून या तळमळीला चोवीस तास उघडे असणारे दार मिळाले. मागणी एकदम होत नाही. आधी नुसता चेहऱ्याचा फोटो, मग ‘आत्ता कशी दिसतेस ते दाखव’, मग आणखी थोडे. आणि मुलगी कचरली की तीन वाक्ये ठरलेली: ‘बघून लगेच डिलीट करतो’, ‘बाकीच्या सगळ्या पाठवतात’, आणि ‘विश्वास नाही का माझ्यावर?’

या तिसऱ्या वाक्यापुढे मुली हरतात, आणि त्या का हरतात याचा विचार पालकांनी अंतर्मुख होऊन करावा. ज्या मुलीला घरात कधी ‘नाही’ म्हणू दिलेले नसते, पाहुण्यांपुढे गाणे म्हणून दाखव म्हटले की म्हणावे लागते, एखाद्या नातेवाइकाने जवळ ओढले तर अंग चोरण्याचीही मुभा नसते, थोरांनी विचारले की नकार देणे हा उद्धटपणा ठरतो, आणि माया सिद्ध करावयाची ती स्वतःचे मन मारूनच असा धडा जी आईच्या वागण्यातून रोज गिरवते, तिने घराबाहेरच्या एका लाडक्या मुलाला मात्र खंबीरपणे ‘नाही’ म्हणावे ही अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची? नकार देण्याचा सराव घरातच व्हावा लागतो, आणि तो आईबापांना नकार देऊनच व्हावा लागतो. मुलग्यांच्या बाबतीत याच धड्याची दुसरी बाजू शिकवावयाची राहून जाते: समोरच्या माणसाचा नकार हा अपमान नसून त्याचा अधिकार आहे, आणि विश्वासाने हाती आलेली वस्तू चार मित्रांत मिरवण्यात मर्दुमकी नाही.

पाठवलेल्या चित्राचे पुढे काय होते ते मुलांना नेमके माहीत नसते, आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या आईबापांनाही नसते. एकदा पाहून नाहीसे होणारे चित्र पाठवण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ साली दिली आणि त्यावर मुलांचा मोठा भरवसा बसला. परंतु ज्या पडद्यावर ते क्षणभर दिसते त्या पडद्यासमोर दुसरा फोन धरून त्याची प्रत काढण्यास कोणतेही तंत्रज्ञान आडवे येत नाही. फोनमधून पुसलेले चित्र आपोआप साठवण करणाऱ्या दूरच्या कोठारात राहिलेले असू शकते. फोन दुरुस्तीला जातो, जुना म्हणून विकला जातो, आणि आपल्याकडे अनेक घरांत तर तो एकाचा नसतोच. बहिणीचा फोन भाऊ उघडतो, मुलाचा फोन चुलता उघडतो. ज्याला पाठवले तो मुलगा अगदी सज्जन असला तरीही त्याच्या सज्जनपणाच्या कक्षेबाहेर असलेल्या या वाटा त्याला बुजवता येत नाहीत. मुलांना पापाची भीती घालण्यापेक्षा ही माहिती द्यावी, म्हणजे ती स्वतःच विचार करू लागतात.

धमकी येते ती दोन दिशांनी. एक ओळखीची: प्रेमसंबंध तुटला, मन दुखावले, आणि ‘माझ्याशी बोलली नाहीस तर व्हायरल करीन’ असा निरोप आला. दुसरी सर्वस्वी अनोळखी, आणि हिच्यात मुलगे मोठ्या संख्येने सापडतात. एखाद्या मुलीच्या नावाचे खाते मैत्रीचा हात पुढे करते, दोन दिवस गोड बोलते, मग व्हिडिओ कॉल येतो, त्याचे चित्रण होते, आणि थोड्याच वेळात मुलाच्या आईवडिलांची, मामाची, शिक्षकांची नावे असलेली यादी त्याच्यापुढे टाकून पैसे मागितले जातात. हे काम संघटित टोळ्यांचे असते आणि राजस्थान-हरियाणाच्या सीमेवरील मेवात-भरतपूर भागातून असे उद्योग चालवणारे अनेक लोक पोलिसांनी पकडलेही आहेत. पैसे दिले की सुटका होते हा केवळ भ्रम. दिलेला पहिला हप्ता एवढेच सिद्ध करतो की हा मुलगा घाबरतो आणि याच्याकडून पैसे निघतात. मुलग्याच्या वाट्याला येणारा एकांत तर अधिकच भयंकर, कारण मुलगाही बळी होऊ शकतो ही कल्पनाच आपल्या समाजाने अद्याप मनात येऊ दिलेली नाही.

आता हे मूल घरी येऊन बोलले तर काय होते? ‘शेण खाल्लंस’, ‘चार माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस’ ही पहिली वाक्ये. फोन काढून घेऊन रागाच्या भरात त्यातले सगळे पुसून टाकणे, म्हणजे एकमेव पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करणे, ही पहिली कृती. त्यानंतर मुलीची शाळा बंद. कोठे मुख्याध्यापकच ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून दाखला काढून नेण्यास सुचवतात. कोठे मामाच्या गावी रवानगी होते. कोठे अठरा वर्षे पुरी होण्याचीही वाट न पाहता स्थळे पाहणे सुरू होते. ज्याने चित्र पसरवले त्या मुलाच्या घरी मात्र फार तर दोन शब्द ऐकवले जातात आणि ‘वयच तसे’ म्हणून विषय मिटतो. या शिक्षेची बातमी वर्गात, गल्लीत, साऱ्या आळीत पोहोचते, आणि तेथल्या प्रत्येक मुलीच्या मनावर एकच गोष्ट कोरली जाते: काहीही होवो, घरी सांगावयाचे नाही. पुढच्या धमकीबहाद्दराला आपण याच रीतीने भांडवल पुरवतो.

कायद्याने आपल्या परीने पुष्कळ केले आहे, आणि ते लोकांना माहीत नाही ही खेदाची गोष्ट आहे. २०१२ चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला सारे पोक्सो म्हणतात, तो अठरा वर्षांखालील प्रत्येकाला, मुलगी असो की मुलगा, बालक मानतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षकाहून कमी दर्जाची नसलेल्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, तिने त्या वेळी गणवेश घालू नये, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये, त्याची ओळख कोठेही प्रसिद्ध होऊ नये, अशी बारीक काळजी त्यात घेतलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब बालकांचे अश्लील चित्रण तयार करणाऱ्याला आणि पसरवणाऱ्याला पहिल्या अपराधासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड सांगते. २०१३ साली दंडसंहितेत आलेल्या आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात असलेल्या तरतुदीचे स्पष्टीकरण तर प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लावावे इतके मोलाचे आहे: स्त्रीने चित्र काढू दिले, पण ते इतरांना दाखवण्यास संमती दिली नाही, तर ते प्रसृत करणारा गुन्हेगार ठरतो. ‘तिने स्वतःच पाठवले होते’ या सबबीला कायद्याने जागा ठेवलेली नाही; ती जागा अद्याप आपण आपल्या मनात ठेवली आहे.

तरीही या कायद्यांत एक गंभीर उणीव आहे आणि तिच्याविषयी मौन बाळगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बालकाचे चित्रण तयार करणे हा अपराध मानताना, ते चित्रण त्या बालकाने स्वतःचे स्वतः केले असेल तर काय, याचा अपवाद कायद्याच्या शब्दांत नाही. अक्षरशः अर्थ लावला तर जी मुलगी फसवली गेली तीच अपराधाच्या व्याख्येत येऊन बसते. शिवाय पोक्सोनुसार अपराधाची माहिती असणाऱ्या प्रौढाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, न कळवल्यास शिक्षा आहे. लपवाछपवी करणाऱ्या संस्थांना वठणीवर आणण्यासाठी हे कलम हवेच. पण केवळ विश्वासाने शाळेतल्या एका बाईंजवळ मन मोकळे करावे म्हणून आलेल्या मुलीला त्याच क्षणी फिर्यादीच्या चक्रात ढकलल्यासारखे वाटते, आणि हे ठाऊक असलेल्या बाई तिचे पुरते ऐकून घेण्यासच कचरतात. परस्परांच्या इच्छेने झालेली दोन समवयस्कांची चूक आणि दुसऱ्याला बरबाद करण्याच्या हेतूने केलेला प्रसार यांत कायद्याने स्पष्ट भेद केला पाहिजे. पहिल्यासाठी समुपदेशन पुरे आहे. दुसऱ्यासाठी, करणारा अल्पवयीन असेल तर बाल न्याय मंडळापुढे आणि प्रौढ असेल तर न्यायालयापुढे, कारवाई झालीच पाहिजे.

आणि मुले हे सारे शिकणार कोठे? महाराष्ट्राने या बाबतीत एक थोर परंपरा निर्माण केली आणि मग ती स्वतःच्या हाताने मोडली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत लैंगिक विषयांवर मोकळेपणाने बोलणारे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यूने गाठेपर्यंत, खटले सोसून, दंड भरून, पदरचे पैसे घालून ते चालवले. त्यांच्यावरील एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. देहाविषयी अज्ञान असलेला माणूस नीतिमान होतो हा समज खोटा आहे, हे ज्या महाराष्ट्रात पाऊणशे वर्षांपूर्वी इतक्या निर्भयपणे मांडले गेले, त्याच महाराष्ट्रात २००७ साली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर संस्कृतीच्या नावाने विधिमंडळात गदारोळ झाला आणि शासनाने तो थांबवला. २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, बालकांचे असे चित्रण नुसते जवळ बाळगण्यालाही कायदा कसा लागू होतो याचे विवेचन करताना, लैंगिक शिक्षणाविषयीचे गैरसमज दूर करण्याची निकड आवर्जून सांगितली आहे. आपण शिकवले नाही म्हणून मुले अजाण राहिली नाहीत; ती अश्लील चित्रफितींकडून शिकली, आणि तेथे संमती, संकोच, आदर यांचा मागमूसही नसतो.

‘मुळात पाठवूच नये, म्हणजे झाले’ असे म्हणणाऱ्या सज्जनांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्पेनमधील आल्मेंद्रालेखो या लहानशा गावात २०२३ च्या सप्टेंबरात वीसहून अधिक मुलींची नग्न चित्रे फिरू लागली. त्या मुलींनी काहीही पाठवले नव्हते. त्यांच्याच ओळखीच्या मुलांनी त्यांची साधी, कपड्यांतली छायाचित्रे समाजमाध्यमांवरून घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ती विवस्त्र केली होती. त्या मुलींच्या आया एकत्र आल्या, उघडपणे बोलल्या, तक्रारी नोंदवल्या. पुढच्या वर्षी पंधरा अल्पवयीनांना बाल न्यायालयाने एक वर्षाच्या देखरेखीखाली ठेवले आणि समतेचे शिक्षण घेण्यास फर्मावले. निष्कलंक सावधपणा बाळगणारी मुलगीही आता सुरक्षित नाही, हे यावरून दिसतेच; पण आयांनी अब्रूची भीती झुगारली की धमकीतली हवा किती लवकर निघून जाते, हेही दिसते.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी की संकट येण्यापूर्वीच, एखाद्या निवांत संध्याकाळी, मुलांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे: ‘असे काही घडले तर आधी आम्हांला सांग. आम्ही मारणार नाही, शाळा सोडवणार नाही, पुन्हा पुन्हा उकरून काढणार नाही.’ आणि मूल खरोखर येऊन बोलले तर दिलेला शब्द पाळावा. त्या दिवशी शब्द मोडला तर ते पुन्हा कधीही येणार नाही. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, त्याच्याशी वाद घालू नये, संदेश आणि खात्याचे नाव जपून ठेवावे, आणि ते चित्र पुरावा म्हणूनही कोणा नातेवाइकाकडे पुढे धाडू नये. मुलांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीत पैसे गेले असल्यास १९३० हे क्रमांक आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर स्त्रिया व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. ‘टेक इट डाउन’ नावाची एक विनामूल्य सेवा अमेरिकेतील हरवलेल्या व पीडित मुलांसाठीचे राष्ट्रीय केंद्र चालवते; ती अठरा वर्षांखालील वयातल्या चित्रासाठी आहे. चित्र फोनबाहेर न जाता त्याची केवळ आकड्यांतली खूण तयार होते आणि सहभागी समाजमाध्यमे त्या खुणेवरून ते चित्र शोधून काढून टाकू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या बंदिस्त संदेशांपर्यंत तिचा हात पोहोचत नाही, हे लक्षात असू द्यावे.

शाळांचे काम याहून मोठे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली शाळांमधून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा निर्णय काढला. २०२४ च्या ऑगस्टात बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर झालेला अत्याचार उघडकीस आल्यानंतर चौकशी झाली तेव्हा कित्येक शाळांत त्या कागदावरही नसल्याचे आढळले. वाचकांपैकी ज्यांची मुले आज शाळेत आहेत त्यांनी पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत उभे राहून दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्या शाळेत ही समिती आहे का आणि तिच्यात कोण आहे, आणि ज्या मुलाचे वा मुलीचे चित्र पसरवले गेले त्याच्या हाती दाखला ठेवला जाणार नाही, असा लेखी ठराव शाळा आजच्या आज करील का. उत्तर मिळेपर्यंत सभा सोडू नये.